होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम कसा निवडायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी अभ्यासक्रमाच्या निवडीबद्दल आहेत आणि उरलेली घरातल्या दिवसाबद्दल. मी ती एकत्रच घेतली आहेत. अभ्यासक्रम कागदावर कितीही चांगला दिसला, तरी तान्हं बाळ रडतंय, एकाला सर्दी झाली आहे आणि शिकवणाऱ्याची रात्रीची झोप झालेली नाही अशा दिवशीही तो थोडा पुढे सरकतो का, यावरून त्याची पारख होते. माझी तिन्ही मुलं घरीच शिकली. खाली जे लिहिलं आहे ते त्या अनुभवातून आणि इतर अनेक घरांतलं जवळून पाहून.

प्रश्न : ताई, आमची मुलगी सात वर्षांची आहे. तिला घरीच शिकवायचं हे नक्की झालं आहे. पण गेले कित्येक आठवडे मी नुसते अभ्यासक्रमच बघते आहे. शार्लट मेसन, क्लासिकल, माँटेसरी, अनस्कूलिंग, शिवाय सगळे विषय एकत्र असलेले तयार संच. एक वाचलं की ते पटतं, दुसरं वाचलं की पहिलं चुकीचं वाटतं. सुरुवात कुठून करू?
एक आई

उत्तर : ही नावं एका रांगेत मांडून त्यातलं एक उचलायला गेलात, तर वर्ष वाचण्यातच जाईल. ती एका जातीची नाहीतच. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षिका. छोटे धडे, चांगल्या लेखकांनी मनापासून लिहिलेली पुस्तकं, एकदा ऐकलेलं मुलानं आपल्या शब्दांत सांगणं आणि भरपूर वेळ मोकळ्या हवेत, हा त्यांचा आग्रह. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या पद्धतीचा सगळा जीव हाताळायच्या साधनांत आणि मुलाला आपलं काम आपण उचलता येईल अशा मांडणीत आहे. क्लासिकलवाले व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन युरोपातल्या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांना जोडतात. ही जोडणी डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानातली. आणि अनस्कूलिंग, म्हणजे ठरावीक अभ्यासक्रम न लावता मुलाला शिकू देणं, हा विचार जॉन होल्ट या अमेरिकेतल्या शिक्षकांचा. शाळा सुधारण्याची आशा सोडून ते मुलाच्या कुतूहलावर विश्वास ठेवा या मताला आले आणि १९७७ पासून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यांनी नियतकालिक चालवलं.

या सगळ्यांनी मूल कसं शिकतं याचा विचार दिला. माँटेसरींची साधनं सोडली, तर गुरुवारी सकाळी वजाबाकीचा कुठला धडा घ्यायचा हे त्यांच्याकडून कळत नाही. ते तयार संच सांगतो. त्यामुळे विचार आणि संच यांची तुलना करत बसलं की डोकं गरगरणारच.

मी सगळ्यांना आधी विषयांचे दोन गट करायला सांगते. एका गटात पायरीपायरीनं चढायचे विषय: वाचायला शिकणं, गणित, लेखन आणि पुढे कुठल्याही नव्या भाषेचं व्याकरण. दुसऱ्या गटात कुठूनही शिरता येतं असे विषय: इतिहास, भूगोल, लहान वयातलं विज्ञान, गोष्टी, कविता, चित्रकला, संगीत. दशक-एकक न समजता मूल पुढे गेलं, तर दोन वर्षांनी भागाकारात अडकतं आणि का अडकलं ते कुणालाच उमगत नाही. पण ज्वालामुखी पचनसंस्थेच्या आधी शिकला किंवा इजिप्तच्या आधी चीन वाचला, तर काहीही बिघडत नाही.

एवढं मनात बसलं की निवडीचं ओझं निम्म्याहून कमी होतं. पहिल्या गटासाठी क्रम पक्का असलेला, कुणीतरी नीट बांधलेला अभ्यासक्रम घ्या. त्यात वेळ घाला, पैसे घाला, चौकशी करा. दुसऱ्या गटासाठी या वयाला वाचनालयातली चांगली पुस्तकं, एक नकाशा, एक कोरी वही आणि बाहेर भटकणं पुरतं. सगळे विषय एकाच ठिकाणचे हवेत असा काही नियम नाही. सात वर्षांची कितीतरी मुलं वाचनात पुढे आणि गणितात थोडी मागे असतात, किंवा उलट. इयत्तेचा एक अख्खा संच घेतला की दोन्हीकडे गैरसोय होते. विषयागणिक पातळी वेगळी ठेवता येणं हा तर घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा. तो पहिल्याच खरेदीत घालवू नका.

आता गणिताचं पुस्तक कसं बघायचं ते. पहिला धडा बघू नका. पहिला धडा सगळ्यांचाच सुंदर असतो. मधलं प्रकरण उघडा, जिथे हातच्याची वजाबाकी किंवा अपूर्णांक नव्यानं सुरू होतात. नियम आधी सांगून उदाहरणं दिली आहेत, की आधी वस्तू आणि चित्रं घेऊन नियमापर्यंत नेलं आहे? मागे शिकलेलं पुन्हा किती वेळा समोर येतं? काही अभ्यासक्रम एकाच घटकावर ठाण मांडतात, तो पक्का झाल्याशिवाय हलत नाहीत. काही गोल फिरतात: आज थोडे अपूर्णांक, उद्या घड्याळ, परवा मोजमाप, महिन्यानं पुन्हा अपूर्णांक. पटकन विसरणाऱ्या मुलाला फिरता क्रम सोसतो. सारखा विषय बदलला की बावरणाऱ्या मुलाला ठाण मांडणारा. माझ्या मोठ्याला ठाण मांडणारा प्रकार अजिबात सोसला नाही आणि धाकटीला फिरता. एकाच घरात दोन वेगळी पुस्तकं चालली, आणि त्याचा कुणाला त्रास झाला नाही.

मग शिक्षकांसाठीची पुस्तिका उघडा आणि स्वतःकडे बघा. याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रत्येक धड्याआधी अर्धा तास कापाकापी आणि तयारी मागणारा अभ्यासक्रम दोन लहान मुलं असलेल्या घरात फार टिकत नाही, मग तो कितीही नावाजलेला असो. काही जणींना शब्द न् शब्द लिहून दिलेला असला की हायसं वाटतं, काही जणींचा त्यानं जीव गुदमरतो. तुम्हाला शिकवताना आनंद झाला, तर तो मुलीपर्यंत पोहोचतो. स्वतःच्या स्वभावाला धरून निवड करण्यात स्वार्थ वगैरे काही नाही.

बहुतेक प्रकाशक नमुन्याची पानं आणि पातळी ठरवण्याची चाचणी देतात. ती चाचणी मुलीला खेळीमेळीत द्या, नमुन्याचे धडे आठवडाभर चालवून बघा. आणि मग घ्या. आणखी वाचत बसू नका.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा. गणिताची वही उघडली की डोळ्यांत पाणी. तासभर बसतो आणि चार उदाहरणं होतात, तीही चुकलेली. दोन अभ्यासक्रम बदलून झाले. तिसरा घ्यावा का? त्याच्या वहीचं एक पान सोबत पाठवत आहे.
एक पालक

उत्तर : पान पाठवलंत हे फार बरं केलंत. तिसरा अभ्यासक्रम इतक्यात घेऊ नका.

पानावर चार वजाबाक्या आहेत. ७८ वजा ३५, उत्तर ४३. बरोबर. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८३ वजा ४६, उत्तर ४३. ६१ वजा ३८, उत्तर ३७. या तिन्ही चूक. आता तिन्हींत तो काय करतो ते बघा. ५२ मधून २७ काढताना एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तो ७ मधून २ काढतो आणि ५ लिहितो. मग दशकात ५ मधून २, उरले ३. तिन्ही ठिकाणी हेच. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, असा नियम त्यानं स्वतःच तयार केला आहे आणि तो इमानेइतबारे पाळतो आहे. हे मूल निष्काळजी नाही. त्याला कुणी थांबवून विचारलेलं नाही, इतकंच.

तुम्ही लिहिलं आहे की दोन्ही वेळा चौथीचं पुस्तक घेतलं. चौथीचं पुस्तक दशक सुटा करणं येतंच असं धरून चालतं. पुस्तक बदललं, भोक तिथेच राहिलं.

आता पुढचे काही दिवस पुस्तक बंद. क्युझनेअर पट्ट्या मिळाल्या तर घ्या. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्युझनेअर यांनी त्या तयार केल्या. पांढरी पट्टी एक सेंटिमीटरची, लाल दोनची, असं करत नारिंगी दहाची. पट्ट्या नसतील तर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि थोड्या सुट्या काड्याही चालतील. त्याला ५२ मांडायला सांगा: पाच नारिंगी, एक लाल. मग म्हणा, यातले मला २७ दे. तो दोन नारिंगी पट्ट्या काढून देईल आणि सातसाठी थबकेल, कारण समोर सुटे दोनच आहेत. इथे तोंड मिटून बसा. ही मिनिटभराची शांतता पालकांना सोसवत नाही आणि ते पटकन सांगून टाकतात. त्याला बघू द्या. एक नारिंगी देऊन दहा पांढऱ्या घ्याव्या लागतील, हे त्याच्या हातांना कळेल. मग सुटे झाले १२, त्यातले ७ दिले, राहिले ५. नारिंगी होत्या ५, एक सुटी केली, दोन दिल्या, राहिल्या दोन. पंचवीस. हे सगळं तो करता करता बोलेल असं बघा.

काही दिवस असंच. मग पट्ट्यांऐवजी वहीत रेघा आणि ठिपके काढून. अंकांची उभी मांडणी सगळ्यात शेवटी. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, या क्रमाचा विचार मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६०च्या दशकात मांडला आणि १९८०च्या दशकापासून सिंगापूरची प्राथमिक गणिताची पुस्तकं त्याच्यावर उभी राहिली. नऊ वर्षांच्या मुलाला पुन्हा पट्ट्या म्हणजे मागे जाणं, असं तुमच्या मनात आलं तर ते मनातून काढून टाका.

आणि तास नको. वीस मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की अर्धं उदाहरण राहिलं तरी वही मिटायची. डोळ्यांत पाणी यायच्या आधी थांबायची सवय लागली की काही दिवसांत वही उघडतानाची भीतीही ओसरते. पातळी योग्य झाली, वेळ कमी झाला आणि तरीही त्या पुस्तकाची समजावण्याची रीतच त्याला लागू पडत नाही असं दिसलं, तर मग जरूर बदला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळायचं नाही.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. मराठी वाचायला लागला आहे. इंग्रजी पुस्तकं चित्रं बघून धडाधडा म्हणतो. इंग्रजीसाठी वेगळा अभ्यासक्रम लागेल का?
एक आई

उत्तर : लागेल. एक छोटी परीक्षा घ्या. चित्र हातानं झाकून तेच पान वाचायला सांगा. चित्र शिंगरासारख्या छोट्या घोड्याचं आणि खाली ‘पोनी’ लिहिलेलं असताना तो ‘हॉर्स’ म्हणाला, तर तो वाचत नाही, अंदाज करतो. या वयात ते खपून जातं. चित्रं कमी झाली की उघडं पडतं.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीचशी पक्की आहे. मूल अडतं ते मात्रांवर, जोडाक्षरांवर, ‘र’च्या वेगवेगळ्या रूपांवर. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च कानांनीच कळतो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे एकेका ध्वनीची दोन-चार लेखनं पद्धतशीर शिकवावी लागतात. यालाच फोनिक्स म्हणतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनं उपलब्ध संशोधन तपासून २००० साली दिलेल्या अहवालातही पद्धतशीर फोनिक्सचा फायदा नोंदवला आहे. क्रमानं ध्वनी शिकवणारा आणि शिकवलेलेच ध्वनी असलेली छोटी वाचनपुस्तकं देणारा कुठलाही अभ्यासक्रम घ्या. मात्र मराठी वाचन अडखळत असेल, तर ते आधी सुरळीत होऊ द्या. घरात जी भाषा बोलतो तिच्यात वाचनाची युक्ती एकदा उमगली की दुसरीकडे ती कामाला येते.

प्रश्न : मुलं नऊ, सहा आणि दीड वर्षांची. भिंतीवर वेळापत्रक लावलं आहे, एकेका विषयाला एकेक तास. अकरा वाजेपर्यंत सगळं विस्कटतं. दीड वर्षाचा पुस्तकांवर चढतो, सहा वर्षांची म्हणते मला आत्ता शिकव, मोठा खिडकीबाहेर बघत बसतो. रात्री मला वाटतं, आज काहीच झालं नाही. इतर घरांत हे कसं चालतं?
तीन मुलांची आई

उत्तर : आधी ते वेळापत्रक काढा. शाळेत तासिका असतात कारण एका शिक्षकापुढे खूप मुलं असतात आणि त्या शिक्षकाला दुसऱ्या वर्गावर जायचं असतं. तुमच्यापुढे एक मूल आणि एक धडा आहे. धडा झाला की संपला. सहा वर्षांच्या मुलीचा वाचनाचा धडा पंधरा मिनिटांचा, गणिताचा तेवढाच. नऊ वर्षांच्याला प्रत्येकी वीस ते पंचवीस. शार्लट मेसन यांनी लहान मुलांसाठी इतकेच छोटे धडे सांगितले होते, आणि ज्या ज्या घरांत मी हे पाहिलं तिथे ते लागू पडलं. शाळेइतके तास भरण्याचा प्रयत्न हेच बऱ्याच घरांतल्या थकव्याचं कारण असतं.

घड्याळ नको, पण क्रम हवा, आणि तो रोज तोच हवा. आमच्याकडे सकाळचं आवरलं की पहिला वेळ सगळ्यात धाकट्याचा असायचा. त्याला मांडीवर घेऊन गोष्ट, गाणं, थोडी मस्ती. पोट आणि मन भरलेलं मूल नंतर बराच वेळ आपल्यात रमतं. मग त्याच्यासमोर एक टोपली यायची, जी फक्त अभ्यासाच्या वेळीच खाली उतरायची: डबे, झाकणं, दोरीत ओवायचे मोठे मणी. अभ्यास संपला की टोपली परत वर, म्हणून तिचं अप्रूप टिकलं. तुम्ही त्या वेळात सहा वर्षांचीचं वाचन घ्या. मोठा तोवर कालच्यासारखं, स्वतःचं स्वतः जमणारं काहीतरी करेल: पाढे, सुवाच्य लेखन, कालची उरलेली उदाहरणं. नवं काही त्याला एकट्याला देऊ नका. खिडकीबाहेर बघणं तिथूनच सुरू होतं. मग अदलाबदल. मोठ्याला नवा गणिताचा धडा द्याल तेव्हा तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडे, आणि सहा वर्षांची धाकट्याजवळ खेळेल. रोज थोडा वेळ तिनं हे करणं ठीक, सगळी सकाळ नाही. मोठ्या मुलांना आईबाप बनवू नये, याबद्दल मी फार आग्रही आहे.

हे पायरीपायरीचे विषय झाले. दुसऱ्या गटातलं सगळं तिघांना एकत्र. एकच इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचा. सहा वर्षांची ऐकता ऐकता चित्र काढेल, मोठा वाचून झाल्यावर काय घडलं ते सांगेल. आठवड्यातून एकदा त्यानं सांगितलेलं चार-पाच ओळींत लिहावं. दोन इयत्तांचे दोन इतिहास, दोन भूगोल शिकवत बसाल, तर थकून जाल, आणि गरज काहीच नाही. ऐकलेलं परत सांगणं दिसायला साधं आहे, पण त्यात मोठी ताकद आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं किती झपाट्यानं विसरतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानं जास्त लक्षात राहिला. तुमचा मुलगा पुस्तक मिटून सांगतो तेव्हा तो हेच करत असतो. सांगताना मधे दुरुस्त्या करू नका. संपू द्या, मग विचारा.

‘आज काहीच झालं नाही’ या वाटण्यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. एक वही ठेवा आणि तिच्यात योजना लिहू नका, झालेलं लिहा. रात्री दोन मिनिटं. ‘मोठा: हातच्याचा गुणाकार, तीन उदाहरणं, एक चुकलं ते स्वतः शोधलं. मधली: पान १२, “प्रकाश” वाचताना प्र ला अडली. दोघं: गांडूळ पाण्यात टाकल्यास मरतं का यावर वाद, पुस्तकात शोधलं.’ योजनेच्या वहीत रोज न झालेलंच डोळ्यांत भरतं. या वहीत झालेलं साठत जातं, आणि पुढे कुणी अधिकाऱ्यानं किंवा शाळेनं अभ्यासाची नोंद मागितली तर हीच वही पुढे करता येते.

वाईट दिवसासाठी छोटा दिवस आधीच ठरवून ठेवा. प्रत्येकाचं गणिताचं अर्धं पान आणि सगळ्यांना एक गोष्ट. ताप, पाहुणे, रात्रभर न झोपलेलं बाळ, अशा दिवशी एवढं झालं की दिवस पुरा झाला असं मनापासून माना.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या पत्रात तुमच्या वाटणीची एकही घटका मला दिसली नाही. दुपारी धाकटा झोपतो तेव्हा स्वयंपाकघरात जाऊ नका. त्या वेळी घरात सगळ्यांनी आपापल्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन गप्प बसायचं, हा नियम लावा. सुरुवातीला दहा मिनिटं जमेल, मग वाढेल. त्यात तुम्हीही तुमचं काहीतरी वाचा किंवा नुसत्या आडव्या पडा. कपड्यांच्या घड्या, भांडी, केर यात नऊ आणि सहा वर्षांची मुलं खरोखर उपयोगी पडतात, फक्त पहिले काही आठवडे सोबत उभं राहून शिकवावं लागतं. मुलांच्या वडिलांचा पत्रात उल्लेख नाही. ते घरात असतील, तर एक विषय पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून नको. तो विषय त्यांचा, त्याचं पुस्तक निवडणं त्यांचं, त्याची काळजीही त्यांची.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी परवा म्हणाली, “मला एकही मैत्रीण नाही.” नातेवाइकांना तर हेच हवं होतं. त्यांना काय सांगू?
एक आई

उत्तर : नातेवाईक थांबतील. आधी मुलीचं बोलणं घेऊ.

ती नाचाच्या आणि पोहण्याच्या वर्गाला जाते, असं तुम्ही लिहिता. तिथे मुलं असतात, पण बोलायला वेळ नसतो. मैत्री व्हायला तीच ती मुलं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात आणि मोठ्यांनी काही न ठरवलेला मोकळा वेळ लागतो. वर्गातली एखादी मुलगी तिला आवडत असेल, तर तिच्या घरच्यांशी बोलून आठवड्याची एक दुपार ठरवून टाका, कायमची. एक मैत्रीण पुरते. समवयस्कांच्या घोळक्याची गरज प्रत्येक मुलाला सारखी नसते, पण तिनं स्वतःहून सांगितलं आहे, तेव्हा तिची गरज आहेच.

आणि तिला सरळ विचारा, तुला शाळेत जावंसं वाटतं का? उत्तर हो आलं तर घाबरू नका आणि तिला तिथल्या तिथे समजावायलाही जाऊ नका. विचार करा. घरी शिकणं तिच्यासाठी आहे. ती त्यासाठी नाही. शाळेत जाऊन परत घरी शिकायला आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि शाळेत रमलेलीही.

प्रश्न : मी वडील लिहितो आहे. मुलगा तेरा वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सचं वेड आहे, दिवसदिवस सोल्डरिंग करत बसतो. आतापर्यंत ठरावीक अभ्यासक्रम नव्हता. आता परीक्षेची काळजी वाटते.
एक वडील

उत्तर : या वयात शेवटाकडून मागे यायचं. कुठल्या मंडळाची परीक्षा द्यायची ते आधी ठरवा आणि त्या मंडळाचा अधिकृत अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका घ्या. यापुढे तोच तुमचा अभ्यासक्रम. बाजारातली पुस्तकं त्याच्या मदतीला.

उदाहरण म्हणून केंब्रिजची आयजीसीएसई ही साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा घ्या, कारण ती अनेक देशांत खासगी उमेदवार म्हणून देता येते. त्यासाठी खासगी उमेदवार घेणारं केंद्र शोधावं लागतं, आणि प्रत्येक केंद्र घेतंच असं नाही. ही चौकशी सगळ्यात आधी करा. मुख्य परीक्षा मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात आणि नोंदणी काही महिने आधीच बंद होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांत प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी प्रात्यक्षिकाची प्रश्नपत्रिका निवडता येते, त्यामुळे घरी शिकणाऱ्यांना या परीक्षेत अडत नाही. पुढे ए लेव्हलला, म्हणजे साधारण बारावीच्या पातळीच्या परीक्षेला, मात्र प्रयोगशाळेत उभं राहूनच प्रात्यक्षिक द्यावं लागतं. त्याला इंजिनिअरिंगकडे जायचं असेल, तर प्रयोगशाळेची सोय कुठे होईल याचा विचार आत्तापासून हवा. सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. एखादा सोपा वाटणारा विषय आधी देऊन परीक्षेची ओळख होऊ द्या.

घरी शिकलेल्या मुलांची एक अडचण मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्यांना विषय येतो, पण वेळ लावून सलग हातानं लिहायची सवय नसते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक प्रश्न पूर्ण लिहायला द्या, सुरुवातीला पंधरा मिनिटांचा. आणि सोल्डरिंगच्या किमान दोन दुपारी राखून ठेवा. ओहमचा नियम, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचं नातं, त्यानं हातानं आधीच अनुभवला आहे. त्याच्या सर्किटमधला रोध मोजायला सांगा, आलेख काढायला सांगा, आणि मग पुस्तकातला धडा उघडा. तो त्याला परका वाटणार नाही.

प्रश्न : नोकरीमुळे दर काही वर्षांनी देश बदलतो, म्हणून मुलांना घरीच शिकवतो. पुढच्या वर्षी युरोपात जायची शक्यता आहे. अभ्यासक्रम तोच ठेवावा का?
एक पालक

उत्तर : अभ्यासक्रमाच्या आधी कायदा बघा. जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे आणि अगदी मोजके अपवाद वगळता घरी शिकवायला परवानगी नाही. २००६ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही तिथल्या एका कुटुंबाची याबाबतची तक्रार दाखल करून घेतली नाही. स्वीडनमध्ये २०१० च्या शिक्षण कायद्यानं घरी शिकवणं फक्त असाधारण परिस्थितीपुरतं ठेवलं. दुसरीकडे अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, पण काही राज्यांत कळवावंही लागत नाही, तर काही राज्यांत नोंदी आणि चाचण्या लागतात. जाण्याचं नक्की करण्याआधी त्या देशाच्या शिक्षण खात्याचे सध्याचे नियम स्वतः वाचा. कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

घरी शिकवायची मुभा असेल, तर गणित आणि भाषा यांची पुस्तकं मुळीच बदलू नका, त्यांचा क्रम तुटता कामा नये. इतिहास आणि भूगोल मात्र तिथल्या मातीतले घ्या. शाळेत घालावं लागणार असेल, तर तिथली भाषा आत्तापासून रोज थोडी सुरू करा. सोबत गेल्या दोन वर्षांच्या वह्यांचे नमुने, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि गणितात कुठवर आलो याचं एक पानी टिपण न्या. मुलाला कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवताना बहुधा तेच मागितलं जातं.